बरं होईपर्यंत

भीती वाटली की नियम करायचा आणि नियम झाला की विचार थांबवायचा, ही आपली जुनी खोड. तिच्यावर या सदरात आधीही कुरकुर झाली आहे. या आठवड्याचं निमित्त मोलस्कमचं. मुलांच्या काखेत, पोटावर, मांडीवर साबुदाण्याएवढ्या चकचकीत, मधोमध खळी असलेल्या पुळ्या येतात, त्या या. विषाणू देवीच्याच गोतावळ्यातला, पण स्वभावाने मवाळ. पुळी दाबली की पांढरा गर निघतो, विषाणू त्यातच असतो. म्हणजे सुईने टोचणारी, चुना लावणारी घरची हौसच तो पसरवते. एरवी बहुतेकांच्या पुळ्या सहा महिने ते दीड वर्षात आपोआप जातात.

अंगाला अंग लागून, एकाच टॉवेलने पुसून हा संसर्ग होतो, हे खरंच. म्हणून 'पूर्ण बरं होईपर्यंत शाळेत पाठवू नका' असं सांगायचं, तर मुलाची अख्खी इयत्ता बुडेल. कांजिण्यांचं मूल खपल्या धरेपर्यंत घरी ठेवतात ते योग्यच. ती लागण हवेतून होते आणि प्रश्न आठवडाभराचा असतो. इथे पुळ्या कपड्याखाली किंवा पट्टीखाली झाकल्या, टॉवेल वेगळा ठेवला की शेजारच्या बाकावरच्या मुलाला फारसा धोका उरत नाही. 'पण आमच्या मुलांचं काय?' हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. कुस्तीच्या आखाड्यात आणि पोहण्याच्या तलावावर काळजी घ्यावीच. पापणीवर पुळी आली किंवा मोठ्या माणसाच्या जांघेत दिसली, तर डॉक्टरांना दाखवावं. मोठ्यांत ती शरीरसंबंधातूनही येते, आणि भराभर पसरली तर प्रतिकारशक्ती तपासावी लागते. पण यातलं काहीही मुलाला वर्गाबाहेर काढून साधत नाही.

सेवाग्रामच्या आश्रमात परचुरे शास्त्रींची कुटी आजही आहे. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे सोबती. कुष्ठरोग झालेल्या या माणसाला गांधीजींनी आश्रमात ठेवून घेतलं, स्वतः मालिश केलं. कुटी वेगळी होती, पण कुंपणाच्या आत होती; माझा सगळा मुद्दा त्या अंतरात आहे. कुणी म्हणेल, कुष्ठरोग जिवाणूचा, मोलस्कम विषाणूचा, तुलना कशाला? तुलना रोगांची नाहीच, भीतीची आहे. आणि 'गांधीजींना जमलं ते आम्हाला कसं जमावं?' असं म्हणणाऱ्यांकडून मालिशची अपेक्षा कोण करतंय! बाक तेवढा राहू द्या.

शिवाय भीतीचा नियम एकदा बसला की रोगापेक्षा चिवट निघतो. कुष्ठरोगाची लागण सहजी होत नाही, बहुतेकांच्या शरीरात त्याला रोखण्याची ताकद असते. तो पुरता बरा करणारी बहुविध औषधोपचार पद्धती जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवली. आपल्या विवाहविषयक कायद्यांतून 'कुष्ठरोग' हे घटस्फोटाचं कारण वगळलं गेलं ते २०१९ मध्ये. गोळ्या हाती आल्यावरही जोडीदाराला घराबाहेर काढायची कायदेशीर सोय पुढची अडतीस वर्षं शाबूत होती.