सोबत कोण, हे विचारू नका

कडोलीहून कुंभोजच्या बाहुबलीला मी चालत जाणार आहे आणि एकटी जाणार आहे, असं मी घरात आणि मंदिरात सांगून टाकलं. तेव्हापासून जो भेटतो तो एकच प्रश्न विचारतो, सोबत कोण आहे? वाट कुठली, रोज किती चालणार, मुक्काम कुठं, गुडघे कसे आहेत, पाणी किती घेणार, हे एकानंही विचारलं नाही. "कुणी नाही" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग घरच्यांनी परवानगी दिली?"

हा प्रश्न काळजीपोटी येतो असं आपण समजतो. माझं म्हणणं असं की तो काळजीचा नाहीच. ज्याला खरी काळजी असते तो तयारी विचारतो. मुलगा मित्रांबरोबर पारगडला निघाला की आपण काय विचारतो? टॉर्च घेतलीस का, बूट धड आहेत का, रात्री थंडी पडते, स्वेटर घे. ही काळजी. बाईला मात्र टॉर्च कुणी विचारत नाही. तिला सोबत विचारतात, म्हणजे तिच्यावर लक्ष ठेवायला कोण आहे ते विचारतात.

आणि हा प्रश्न सगळ्याच बायकांना विचारला जातो असंही नाही. कडोलीच्या शिवारात दिवस उगवायच्या आत भाजी काढायला बाई एकटी जाते. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आसपासच्या खेड्यांतल्या बायका वर्षानुवर्षं चालत कामाला गेल्या, अंधारात घरी परतल्या. त्यांना कुणी विचारलं, सोबत कोण? बाई दुसऱ्याच्या कामासाठी चालली की रस्ता सुरक्षित असतो. ती स्वतःसाठी चालली की त्याच रस्त्यावर लगेच चोर, कुत्री आणि लोकांची तोंडं दिसायला लागतात.

आपल्या समाजाला तर चालण्याचं नवल वाटायला नको. आचार्य शांतिसागर महाराज आपल्या भोज गावचे. १९२७ साली त्यांचा संघ बाहुबलीहून निघाला तो पायी थेट सम्मेदशिखरजीला पोहोचला. आचार्य विद्यासागर महाराज सदलग्याचे. त्यांनी सारा मध्य भारत अनवाणी पालथा घातला आणि २०२४ साली डोंगरगडला समाधी घेतली. माताजींचा संघ गावात आला की त्यांच्या भेगाळलेल्या टाचांकडे पाहून आपले डोळे भरतात. आणि त्या विहारात चौका कोण लावतं? आपणच. पुढचं गाव किती कोसांवर, तिथं विहिरीचं पाणी मिळेल का, सोवळ्याचं धान्य किती लागेल, पहाटे किती वाजता चूल पेटली तर आहार वेळेवर होईल, हे सगळं आपल्या बायकांच्या डोक्यात असतं, कागदावर लिहावंसुद्धा लागत नाही. एवढ्या मोठ्या संघाच्या प्रवासाची आखणी जिला जमते, तिला एकटीच्या दहा दिवसांची जमणार नाही, हे कुणी ठरवलं?

समाजातल्या एका ज्येष्ठांनी मला शास्त्र दाखवलं. आर्यिका एकट्या विहार करत नाहीत, मुनींनाही एकल विहाराची सरसकट मोकळीक नाही, मग तुम्ही कोण? बरोबर आहे. पण तो नियम सर्वसंगपरित्याग केलेल्यांचा आहे. त्यांच्याजवळ पैसा नाही, फोन नाही, दुसऱ्या वेळचं जेवण नाही. मी गृहिणी आहे. माझ्या पिशवीत तिन्ही असणार. श्राविकेसाठी शास्त्रानं वेगळं सांगितलंय, ते का वाचून दाखवत नाही? दिग्व्रत सांगितलं, देशव्रत सांगितलं. कुठल्या दिशेला किती लांब जायचं, नदी, डोंगर, गाव यांची खूण धरून त्याची मर्यादा आपली आपण घालायची. आपली आपण, हे महत्त्वाचं. मर्यादा स्वतः घातली तर ते व्रत असतं. दुसऱ्यानं घातली तर ते कुंपण झालं. कुंपणालाच व्रत म्हणायची सवय आपल्याला लागली आहे.

बारा भावनांमधली एकत्व भावनाही आपण म्हणतो. जीव एकटा येतो, एकटा जातो, आपलं कर्म एकटाच भोगतो. एवढं रोज म्हणायचं आणि निपाणीपर्यंत जायचं म्हटलं की सोबत शोधायची!

मला तर वाटतं, लांब पल्ल्याचं एकट्यानं चालायचं शास्त्र आपल्याकडे आधीच आहे, फक्त बायकांच्या वाट्याला त्याचा स्वयंपाकघरातला तुकडा तेवढा आला. ईर्यासमिती म्हणजे काय? दिवसाउजेडी, मळलेल्या वाटेनं, पुढची चार हात जमीन बघत चालायचं. सूर्यास्तापूर्वी दोन घटका जेवण उरकायचं म्हणजे अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोहोचणं आलंच. पाणी गाळून, उकळून प्यायचं. परिग्रहाला परिमाण घालायचं, म्हणजे पिशवीत काय भरायचं आणि काय नाही ते ठरवायचं. पावसाळ्यात चार महिने मुक्काम हलवायचा नाही. डोंगर चढणाऱ्या कुठल्याही जाणत्या माणसाला विचारा, तो याहून वेगळं काय सांगणार?

आता मी काय तयारी करते आहे ते सांगते. कुणी विचारलं नाही म्हणून सांगायची नाही असं थोडंच आहे?

वाट अशी. कडोली, काकती, हत्तरगी, संकेश्वर, स्तवनिधी, निपाणी. तिथून महामार्ग सोडून भोज, सदलगा, बोरगाव, इचलकरंजी, हातकणंगले आणि बाहुबली. सव्वाशे ते दीडशे किलोमीटर. रोज पंधराच्या आसपास, मध्ये निपाणीला एक दिवस विश्रांती. निपाणीनंतरच्या बहुतेक गावांत बस्ती आहे, आपली घरं आहेत, म्हणून मुक्काम आधीच फोन करून ठरवलेत. त्याआधीच्या पट्ट्यात लांबच्या नात्यातली दोन घरं आणि एक धर्मशाळा. न ठरवलेल्या जागी एकही रात्र नाही.

महिना पौषाचा, कारण ऊन सोसवतं. पण तेव्हाच उसाचा हंगाम जोरात असतो. संकेश्वर-निपाणी भागात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटेच्या अंधारात मागचा दिवा नसताना धावतात. विहारात वाहनांनी धडक दिल्याने साधू-साध्वी गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. म्हणून पहाटे निघायचं नाही. सात वाजता, चांगलं उजाडल्यावर निघायचं, अकरापर्यंत चालायचं, दुपारी थांबायचं, साडेतीन ते पाच उरलेलं अंतर. महामार्गाला असेन तेव्हा सेवारस्त्यानं, तो नसेल तिथं रस्त्याच्या उजव्या बाजूनं, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं.

पायांची तयारी सगळ्यात आधी. बूट संध्याकाळी विकत घेतले, कारण दिवसभरात पाय सुजतात. नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे. कोरे बूट घालून निघायचं नाही. दोन महिने ते घालून काकतीला जाते आणि परत येते. आधी आठवड्यातून तीन दिवस पाच किलोमीटर, मग आठ, मग बारा, मग लागोपाठ दोन दिवस बारा. दुसऱ्या दिवशी पाय काय म्हणतात ते कळायला हवं, कारण वाटेत रोज दुसराच दिवस असतो. फोड यायच्या आधी तिथं गरम लागतं, तेव्हाच थांबून पट्टी लावायची. नखं सरळ कापायची. ऐन चालण्यात बायका पुढे जायच्या घाईनं हे सोडतात आणि तिसऱ्या दिवशी लंगडतात.

पिशवी पाच किलोंच्या वर नाही. दोन पंजाबी ड्रेस, शाल, टॉर्च, रोजच्या गोळ्या, मीठ-साखरेची पाकिटं, गाळायला दुहेरी फडकं, दोन लिटर पाणी. गाळल्यानं जंतू मरत नाहीत, म्हणून मुक्कामावर उकळलेलं पाणीच भरून घ्यायचं. खायला कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, करदंट. कडक भाकरी दहा दिवसांतही खराब होत नाही. आपल्या आज्यांनी प्रवासासाठीच ती शोधली.

आणि एक गोष्ट, जी आपण आपसातही कुजबुजत बोलतो. बाहेर पडल्यावर बायका पाणी पीत नाहीत, जागा मिळणार नाही म्हणून. मग चक्कर येते, लघवीला जळजळ होते आणि लोक म्हणतात, बघा, झेपलं नाही. मी वाटेवरचे पेट्रोलपंप, बस्त्या आणि बसस्थानकं नकाशावर खुणा करून ठेवली आहेत. पंपावर शौचालय वापरू देणं त्यांना बंधनकारक आहे, आपण लाजायचं कारण नाही. पन्नाशीनंतर हाडं आणि रक्तदाब डॉक्टरांना दाखवून घेतला, तेही तयारीतच येतं.

घरी जाऊबाईंकडे एक कागद असेल. त्यावर रोजचा मुक्काम, तिथला फोन आणि माझ्या फोनची वेळ, सकाळी सात आणि संध्याकाळी पाच. साडेसहापर्यंत फोन आला नाही तर आधी मुक्कामाला फोन करायचा, मग ११२ ला. हा नंबर सीमेच्या दोन्ही बाजूंना चालतो. माझ्या गळ्यातल्या चिठ्ठीवर रक्तगट आणि घरचा नंबर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलाय. आपल्या भागात मदतीला कुठल्या भाषेचा माणूस आधी धावेल ते सांगता येत नाही.

एक तयारी मात्र मी करणार नाही. दहा दिवसांच्या चटण्या, पिठं, भाज्या करून ठेवून जाणार नाही. बाई चार दिवस माहेरी निघाली तरी आधी चार दिवस राबते, मग निघते. ते राबणं म्हणजे दंडच. घरातल्यांना दोन महिन्यांत कुकर आणि भाकरी शिकता येते. माझे पाय शिकताहेत तसे त्यांचे हात शिकतील.

इतकं करूनही धोका उरतोच, तो नाही असं मी म्हणत नाही. पण धोका कुठं असतो तेही बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं दाखवत आलेत की बलात्काराच्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. म्हणजे ज्या ओळखीला आपण सोबत म्हणतो, तिचीच खात्री नाही. मग फक्त अनोळखी रस्त्यालाच बदनाम का करायचं?

अमेरिकेत एम्मा गेटवुड नावाची एक शेतकरी घरची बाई होती. अकरा मुलांची आई. नवऱ्याची मारहाण सोसून वेगळी झालेली. १९५५ साली, सदुसष्टाव्या वर्षी, मुलांना "जरा चालून येते" म्हणाली आणि अॅपलाचियन ट्रेल ही सुमारे ३,३०० किलोमीटरची डोंगरवाट एका दमात एकटीनं चालली. एका हंगामात ती एकटीनं पुरी करणारी ती पहिली बाई. पायात साधे कापडी बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी आणि पावसासाठी न्हाणीघराचा पडदा. पण मला तिचं आदलं वर्ष जास्त महत्त्वाचं वाटतं. १९५४ साली ती निघाली, वाट चुकली, चष्मा फुटला, लोकांनी तिला परत पाठवलं. ती घरी आली आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या टोकाकडून निघाली. आपल्याकडे बाई अर्ध्यावरून परतली की गाव म्हणतं, "सांगितलं होतं ना!" मी संकेश्वरहून बसनं परत आले तर येईन. परत येण्याची मोकळीक ही तयारीचाच भाग आहे. पुरुष दहा वेळा परतला तरी त्याला कुणी पुन्हा जाऊ नको म्हणत नाही.

आणि लांब कशाला, आपल्याच कर्नाटकात बाराव्या शतकात अक्कमहादेवी उडुतडी सोडून एकटी कल्याणला आणि तिथून श्रीशैलला गेली. तिच्यावर हक्क सांगणारा कौशिक राजा जैन होता, असं कथा सांगतात. ही गोष्ट आपल्या मंडळात फारशी कुणी सांगत नाही. सांगायला हवी. अडवणारा आपला होता आणि निघून गेलेली बाई वंदनीय ठरली, यातून आपणही काही शिकावं.

भगिनींनो, तुम्ही सगळ्यांनी चालत निघा असं मी म्हणत नाही. कुणाला चालायचं असेल, कुणाला एकटीनं रेल्वेनं शिखरजीला जायचं असेल, कुणाला फक्त बेळगावपर्यंत बसनं. माझं मागणं लहान आहे. तुमची सून, मुलगी, नणंद असं काही ठरवून तुमच्यासमोर आली, तर सोबत कोण हे विचारू नका. वाट कुठली, मुक्काम कुठं, पाण्याचं काय केलंस, फोन किती वाजता करशील, हे विचारा. तयारी कच्ची असेल तर खुशाल थांबवा, शिकवा, पक्की करून घ्या. पक्की असेल तर बाजूला व्हा. आणि ती निघाली की तिच्या वाटणीची भाजी त्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी निवडायला बसवा.