कावळा, फांदी आणि इन्सुलिन

माझ्या आत्येभावाला मागच्या महिन्यात डायबिटीस निघाला. वय ४६. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, १०.९. वजन इतकं उतरलेलं की कमरेच्या पट्ट्याला त्यानं खिळ्यानं दोन नवी भोकं पाडून घेतली होती. डॉक्टरांनी गोळीबरोबर रात्रीचं इन्सुलिन लिहून दिलं आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. रात्री त्याचा फोन आला. "ताई, आईच्या पायाचा अंगठा इन्सुलिननंच गेला ना? मग मला पहिल्याच दिवशी तेच का?"

त्या रात्री मला धड उत्तर देता आलं नाही. ते इथं देते आहे, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

त्याची बाजू आधी नीट मांडायला हवी. इन्सुलिन एकदा लागलं की सुटत नाही. ती शेवटची पायरी आहे. इन्सुलिनवर गेलेल्यांचे डोळे जातात, किडनी जाते, पाय कापावे लागतात. मग आजार कळल्या कळल्या, गोळ्यांना संधीही न देता सुई कशाला? हे बोलणारी माणसं अडाणी नाहीत. ती डोळ्यांनी पाहिलेलं सांगतात. पाहिलेलं खरं आहे, त्याचा लावलेला अर्थ चुकीचा आहे.

आत्याचंच घेऊ. आत्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. ११ वर्षं गोळ्यांवर काढली. आधी एक, मग दोन, मग दिवसाला चार. उपाशीपोटीची साखर २५० च्या खाली क्वचितच यायची. मेथीदाणे, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, सगळं झालं. तपासणीला गेली की डॉक्टर म्हणायचे, "बाई, पथ्य पाळा, नाहीतर इंजेक्शन लावावं लागेल." आणि आत्या हात जोडून आणखी तीन महिने मागून आणायची. एका संध्याकाळी ती शाळेतून घरी आली तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. वाटेत कधी निसटली ते तिला कळलंच नव्हतं. आम्ही सगळे हसलो होतो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते, कारण पायाच्या नसा मेल्याची ती वर्दी होती.

दीड वर्षानं अंगठा काळा पडला. दवाखान्यात दाखल केल्यावर साखर आटोक्यात आणायला सोमवारी इन्सुलिन सुरू झालं, शुक्रवारी अंगठा काढला. गल्लीनं हिशेब मांडला तो सोमवार ते शुक्रवारचा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. फांदी ११ वर्षं आतून पोखरली जात होती, पण बोट दाखवलं गेलं कावळ्याकडे. आपल्याकडे इन्सुलिन बहुतेकदा इतक्या उशिरा पोचतं, की प्रत्येक मोडलेल्या फांदीवर तेच बसलेलं दिसतं.

माझी तक्रार त्या "नाहीतर इंजेक्शन लावावं लागेल" या वाक्याबद्दलही आहे. ज्या डॉक्टरनं उपचाराची शिक्षा करून टाकली, त्यानं आत्याला पथ्य शिकवलं नाही, फक्त भीती शिकवली. इन्सुलिन हा शरीर स्वतः रोज बनवतं असा पदार्थ आहे. जो कमी पडतो तो बाहेरून द्यायचा, एवढीच गोष्ट. पण धमकीत गुंडाळून आल्यामुळे आत्याला तो स्वतःच्या नापासाचा दाखला वाटला, आणि शिक्षकाला नापास होणं सोसत नाही.

आता "पहिल्याच दिवशी का" या प्रश्नाकडे. ज्याला आपण पहिला दिवस म्हणतो तो रिपोर्टचा पहिला दिवस असतो, आजाराचा नव्हे. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात नव्यानं निदान झालेले ५,१०२ रुग्ण होते. त्यातून दिसलं ते असं, की निदान होतं तेव्हाच इन्सुलिन बनवण्याची स्वादुपिंडाची ताकद निम्म्यावर आलेली असते. त्याच अभ्यासात काहींना निदानानंतर लगेचच इन्सुलिन दिलं, काहींना गोळ्या. १९९८ मध्ये निकाल आले. साखर नेटानं आटोक्यात ठेवलेल्यांमध्ये डोळे, किडनी अशा बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते. पुढची दहा वर्षं या लोकांवर लक्ष ठेवलं गेलं. साखर नेटानं सांभाळलेल्या आणि इतर रुग्णांच्या साखरेतला फरक वर्षभरातच पुसला गेला, पण सुरुवातीला साखर सांभाळलेल्यांचा फायदा पुसला गेला नाही. २००८ मध्ये मोजलं तेव्हा त्यांच्यात हार्ट अटॅक आणि मृत्यूही कमी निघाले. हे यश एकट्या इन्सुलिनचं नाही, गोळ्यांचंही आहे. पण पहिली वर्षं "आणखी तीन महिने" म्हणत घालवू नयेत, हे त्यातून लख्ख दिसतं.

शिवाय साखर फार वाढली की ती स्वतःच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना लुळं करते. साखर जास्त म्हणून इन्सुलिन कमी, इन्सुलिन कमी म्हणून साखर आणखी जास्त. अशा वेळी त्याच पेशींना जास्त काम करायला लावणाऱ्या गोळ्या वाढवत जाणं म्हणजे बसलेल्या बैलावर चाबूक ओढणं. बाहेरून इन्सुलिन देणं म्हणजे काही दिवस जू उतरवून बैलाला गोठ्यात बांधणं. सगळे बैल उठत नाहीत, पण बरेच उठतात. चीनमध्ये नऊ केंद्रांवर नव्यानं निदान झालेल्या ३८२ जणांवर हे करून पाहिलं गेलं. साखर नॉर्मलला आणून जेमतेम दोन आठवडे तशीच ठेवली आणि मग सगळी औषधं बंद केली. वर्षानंतर इन्सुलिन पंप वापरलेल्यांपैकी ५१ टक्के आणि दिवसातून अनेक इंजेक्शनं घेतलेल्यांपैकी ४५ टक्के लोक औषधाशिवाय नीट होते. तुलनेसाठी गोळ्या दिलेल्यांमध्ये हे प्रमाण २७ टक्के होतं. अभ्यास लहान होता आणि वर्षापुरताच होता, हेही सांगते. पण "लागलं की सुटत नाही" हे वाक्य तिथंच संपतं. जवळपास अर्ध्या लोकांचं सुटलं, आणि त्यांना ते लवकर लावलं होतं.

माझंही सुटलं आहे. ४१ व्या वर्षी तीन महिन्यांत माझं नऊ किलो वजन उतरलं आणि लग्नाकार्यात सगळे "किती छान बारीक झालीस" म्हणत राहिले. एचबीए१सी निघाला ११.८. सासूबाई काकुळतीला आल्या, "अगं, इतक्या लवकर? आधी गोळ्या तरी घेऊन बघ." मी आत्याची चप्पल आठवली आणि रात्री दहा युनिटनं सुरुवात केली. पेनची सुई चार मिलिमीटरची, तांदळाच्या दाण्याहून आखूड. आधी दोन युनिट फिरवून टोकाशी थेंब येतो का बघायचं, मग पोटाला लावून बटण दाबायचं, दहापर्यंत मोजायचं आणि काढायची. बोट टोचून साखर बघणं याहून जास्त दुखतं. डोस कमी होत होत चार महिन्यांनी इन्सुलिन बंद झालं. तीन वर्षं गोळ्यांवर आहे. उद्या पुन्हा लागलं तर पुन्हा घेईन.

एवढं सांगून मी प्रत्येकाला सुई घ्या म्हणत नाही. ज्याचा एचबीए१सी सात-साडेसात आहे आणि पोट सुटलेलं आहे, त्यानं आधी वजन उतरवावं. ब्रिटनमधल्या डायरेक्ट या अभ्यासात कडक कमी-उष्मांकाच्या आहारानं जवळजवळ निम्म्यांची साखर वर्षभरात औषधाविना ताळ्यावर आली. २०१२ मध्ये आलेल्या ओरिजिन अभ्यासात साडेबारा हजार माणसांपैकी निम्म्यांना इन्सुलिन दिलं होतं. सहा वर्षांत त्यांचे हृदयविकार वाढले नाहीत, कॅन्सर वाढला नाही, पण हृदयविकार कमीही झाले नाहीत. सरसकट देण्याला आधार नाही तो यामुळेच. आधार आहे तो ज्याची साखर ३०० च्या वर आहे, एचबीए१सी १० च्या वर आहे, खूप तहान लागते, लघवीला सारखं जावं लागतं, वजन आपोआप उतरतं आहे, अशा माणसासाठी. अमेरिकेच्या डायबिटीस असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. त्यातही माणूस सडपातळ असेल तर हा टाइप टू नसून टाइप वन तर नाही ना, हे तपासायलाच हवं. तिथं गोळ्यांवर थांबणं जिवावर बेतू शकतं.

आपल्यासाठी हे जास्त महत्त्वाचं आहे, त्याला कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दिसायला बारीक पण आतून चरबी असलेला भारतीय माणूस जगापुढे मांडला. पुण्याच्याच तरुण रुग्णांच्या अभ्यासात, स्वीडनच्या संशोधकांनी डायबिटीसच्या रुग्णांच्या पाडलेल्या गटांपैकी इन्सुलिनची तीव्र कमतरता असलेला गट सर्वांत मोठा निघाला. युरोपातल्या जाड रुग्णावर बेतलेली "आधी गोळ्या, शेवटी सुई" ही शिडी आपल्या अंगाला तशीच लावता येणार नाही.

आणि धोके? आहेत. साखर एकदम खाली येते, घाम सुटतो, हात थरथरतात. खिशात ग्लुकोजची पुडी हवीच. वजन वाढतं. डोळ्यांच्या पडद्यावर आधीच दोष असेल आणि साखर झपाट्यानं खाली आली तर तो काही काळ वाढू शकतो. "इन्सुलिननं डोळे गेले" यातला खरा अंश तो एवढाच, आणि त्यासाठी आधी डोळे तपासून घ्यायचे असतात. सगळ्यांत मोठा धोका मात्र मेडिकलच्या काउंटरवर आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, पेनमधलं १०० युनिटचं. सिरिंजही दोन जातीच्या, ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात जातात ५० युनिट. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, एवढं बघितल्याशिवाय काउंटर सोडू नये.

रविवारी मी आत्येभावाकडे गेले. डॉक्टरांना पुन्हा भेटून काय विचारायचं ते त्याला कागदावर लिहून दिलं. डोळे कधी तपासायचे, साखर किती झाली की डोस कमी करायचा, बंद करायचा विचार कोणत्या आकड्याला. माझ्याकडे उरलेल्या सुयांमधली एक मी त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं वरचं टोपण काढलं, आतलं काढलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि खिडकीजवळ जाऊन उजेडात बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "एवढीच?"