उंदराचे फुफ्फुस आणि मामूंचा प्लॉट

रमजानच्या आधी मामू आमच्याकडे आले ते एक रंगीत पत्रक घेऊनच. गेली काही वर्षे त्यांचे फुफ्फुस कडक होत चालले आहे. एक जिना चढताना दोनदा बसावे लागते. पत्रकात लिहिले होते : पोटाच्या चरबीतून मूलपेशी काढून शिरेतून सोडू, फुफ्फुस नवे होईल. त्यासाठी मामू प्लॉट विकायला निघाले होते. "तू शाळेत शिकवतोस, वाचून सांग," एवढेच म्हणाले.

आम्ही वाचले. जी पेशी स्वतःसारखी पेशीही घडवते आणि वेगळ्या कामाचीही, ती मूलपेशी. फुफ्फुसातल्या वायुकोशांना दोन प्रकारच्या पेशींचे अस्तर असते. एक पापुद्र्यासारखी पातळ. तिच्यातून प्राणवायू रक्तात जातो. दुसरी ठेंगणी, ती एक स्निग्ध द्रव सोडते, म्हणून वायुकोश मिटत नाहीत. यातली ठेंगणीच मूलपेशीचे काम करते, हे २०१३ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ब्रिजिड होगन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर दाखवले.

त्यांनी उंदरांत अशी जनुकीय खूण घातली की फक्त ठेंगण्या पेशीच चमकाव्यात. मग फुफ्फुसाचे तुकडे एन्झाइमने सैल करून पेशी सुट्या केल्या, आणि यंत्रात लेझरसमोरून एकेक सोडून चमकणाऱ्या तेवढ्या निवडल्या. पण नुसती निवड म्हणजे ओळख पटली असे नव्हे. (वर्गात हात वर करणारा प्रत्येक जण उत्तर जाणतोच असे कुठे असते?) त्या पेशी जेलीत, फुफ्फुसातल्याच आधारपेशींच्या सोबतीने वाढवल्या. पोकळ गोळे तयार झाले आणि त्यांत ठेंगण्या पेशी होत्या, पातळही होत्या. तेव्हा कुठे खात्री झाली.

आता पत्रक पाहा. चरबीतली पेशी ही ती पेशीच नव्हे. आणि कडक झालेल्या फुफ्फुसात तिला साथ देणारी जागा तरी कुठे? आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या आजारांतले प्रत्यारोपण सोडले तर मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीतच करायचा असतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. इथे तर आगाऊ रक्कम मागितली होती.

मामू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे उंदीर माझ्यापुढे गेला." जुम्म्यानंतर आम्ही त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे नेले. मुमानींनी प्लॉटचे कागद पुन्हा पेटीत ठेवले.