उतारावर अंग मागे, गाडी गिअरमध्ये

बैलगाडी उताराला लागली की जुना गाडीवान काय करायचा? मागे सरकून बसायचा. ओझे जुवावर येऊन बैलांच्या मानेला रग लागू नये, एवढे त्याला कुणी न शिकवता कळत होते. आता बैलांच्या जागी मोटारसायकल आली; पण ती अक्कल आपण गोठ्यातच ठेवून आलो, असे मला वाटते.

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी भागात माझी फिरती असते. पहाटे वाडीवरून दूध घेऊन उतरणारी पोरे भेटतात. 40 लिटरच्या भरल्या कॅनमध्ये नुसते दूधच 41 किलो भरते. वाट तांबड्या मातीची, पावसाळ्यात निसरडी. आणि पोरगा टाकीवर ओणवा होऊन गाडी न्यूट्रलमध्ये सोडतो. विचारले तर म्हणतो, "साहेब, पेट्रोल वाचतंय की!"

कसले वाचतंय? ॲक्सिलेटर सोडून गिअरमध्ये उतरले तरी पेट्रोल नाममात्रच जळते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाची ओढ सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

उतारावर वजन आपोआप पुढच्या चाकावर जाते. ब्रेक दाबला की आणखी जाते. मागचे चाक हलके होऊन घसरते. म्हणून उतार लागण्यापूर्वीच पहिला किंवा दुसरा गिअर टाका. सीटवर मागे सरका. गुडघ्यांनी टाकी आवळून धरा, पायांचा भार फूटरेस्टवर द्या. कोपर सैल ठेवा, हँडलवर रेलू नका. नजर चाकापुढे नको, वळणाकडे हवी. वेग वळणाआधीच कमी करा. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. खडीवर, चिखलात हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक आवळू नका. पाय जमिनीला घासत उतरू नका.

मागे सरकायचे तर जागा हवी. कॅन पाठीला चिकटवून बांधू नका, वीतभर अंतर ठेवा. ओझे दोन्ही बाजूंना सारखे आणि खाली असावे. टाकीवर पेंडीचे पोते ठेवले की गुडघेही गेले आणि हँडलही गेले.

मी स्वतः एका धनगरवाड्याच्या उतारावर पुढचा ब्रेक गच्च दाबून पडलो आहे. पिशवीत मातीचे नमुने होते, म्हणून हसण्यावारी गेले. मागे लेकरू बसले असते तर?

जिल्ह्याचा दूध संघ 1963 साली स्थापन झाला. तेव्हापासून आपण फॅट शिकलो, वैरण शिकलो, कृत्रिम रेतन शिकलो. दूध खाली आणणाऱ्या माणसाला मात्र उतरायचे कसे हे कुणी शिकवले नाही. यात आम्ही विस्तारवालेही आलो. माझे म्हणणे एवढेच, की पावसाळ्यापूर्वी गावच्या दूध संस्थेने एक सकाळ यासाठी द्यावी. गावातला जाणता मेकॅनिक बोलवावा, ब्रेक तपासून घ्यावेत, पोरांना रिकाम्या गाडीवर उतार उतरायला लावावा. हेल्मेटही पोलिसासाठी नव्हे, घरच्यांसाठी घालावे.

सांडलेले दूध संध्याकाळच्या धारेला भरून निघते. घरचा कर्ता गडी भरून निघत नाही.