बॉनेट उघडायला लाज कसली?

आमचे अब्बा मिस्त्री होते. मिरजेच्या वेशीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी तीस वर्षे जीपा, टेम्पो आणि अँबॅसिडर खोलल्या आणि जोडल्या. मी दुपारचा डबा घेऊन गेलो की पाना हातात देण्याऐवजी ते मला शेडच्या बाहेरच उभे करायचे. "मेरे हातां काले हुए, तेरे नक्को," असे म्हणायचे. त्यांची इच्छा पुरी झाली. मी बी.एड. झालो, उर्दू शाळेत मराठी शिकवू लागलो, माझे हात स्वच्छ राहिले. इतके स्वच्छ राहिले की चाळिशी ओलांडल्यावरही मला स्वतःच्या गाडीचे चाक बदलता येत नव्हते.

हे मला कळले आंबा घाटात, रात्री साडेनऊला. बेगमच्या माहेराहून, रत्नागिरीहून, परत येत होतो. मागे अम्मी, दोन मुले. मागचे डावे चाक बसले. मी डिकी उघडली. स्टेपनीच्या वर मोठ्या हौसेने बसवलेला वूफर होता. त्याच्या वायरी कुठून कुठे गेल्यात मला ठाऊक नाही. जॅक कुठे असतो तेही ठाऊक नाही. पाऊणतास आम्ही पार्किंग लाईट लावून उभे होतो. शेवटी मासळीची एक पिकअप थांबली. चालक विशीतला पोरगा. त्याने वूफर उचलून बाजूला ठेवला, स्टेपनी काढली, अंगठ्याने दाबली आणि म्हणाला, "सर, हिच्यात हवाच नाही."

तीन वर्षांत मी त्या गाडीच्या सजावटीवर एकतीस हजार रुपये घातले होते. स्टेपनीत हवा मात्र एकदाही तपासली नव्हती. त्या पोराने आपल्या गाडीतला पंप लावला, चाक बदलले, पैसे घ्यायला नकार दिला. शाळा सातवीत सुटली म्हणाला. मी त्याला 'अरे' म्हणत होतो, तो मला 'सर' म्हणत होता. घरी पोहोचेपर्यंत मला वाटत राहिले की त्या रात्री हे संबोधन उलटे असायला हवे होते.

आजचा लेख माझ्यासारख्यांच्या विरोधात आहे. शिकलेल्या, पगारदार, हप्त्यावर गाडी घेतलेल्या, आणि बॉनेट उघडणे म्हणजे कमीपणा असे मानणाऱ्या आपल्या माणसांच्या विरोधात.

आधी आपण घेतो काय ते बघू. जाहिरातीत तिला एसयूव्ही म्हणतात, बाहेरच्या देशांत क्रॉसओव्हर म्हणतात. चार मीटरच्या आतली, बहुतेक पुढच्या चाकांवर ताकद असलेली, थोडी उंच केलेली घरगुती मोटार. चार मीटरच्या आत का, तर त्या मापाला कर कमी लागतो. तिला जीपसारखी वेगळी चासी नसते, बॉडी हाच सांगाडा असतो. तिचा पुढचा भाग मुद्दाम असा बनवलेला असतो की धडक बसली की तो चुरगळावा आणि धक्का आतल्या माणसांपर्यंत कमी पोहोचावा. म्हणजे ती सरळ, समजण्यासारखी गाडी आहे. पण आपण ती रणगाडा समजून सजवतो.

सजावटीत पहिला मान बुलगार्डचा. लोखंडी नळ्यांची ती चौकट थेट सांगाड्याला बोल्टने आवळली की चुरगळण्यासाठी ठेवलेला भाग नीट चुरगळत नाही. धक्का आत जातो, एअरबॅगच्या सेन्सरचे गणित चुकू शकते, आणि समोर पायी चालणारा आला तर त्याची हाडे त्या नळ्यांवर आपटतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र लिहून यावर कारवाई करायला सांगितले होते. तरी आजही आपल्या मोहल्ल्यात नवी गाडी आली की तिसऱ्या दिवशी बुलगार्ड लागतो, आणि वर 'माशाअल्लाह'चे स्टिकर. अल्लाहच्या हवाली करायचे असेल तर आधी कंपनीने दिलेली सुरक्षितता तरी शाबूत ठेवा.

दुसरी काळी फिल्म. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच काळ्या फिल्मवर बडगा उगारला. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत यायला हवा असा नियम आहे. काळी काच लावून रात्री गल्लीतून गाडी मागे घेणाऱ्याला खेळणारे पोर कसे दिसणार? तिसरे सीट कव्हर. ज्या गाडीच्या सीटच्या कडेत साइड एअरबॅग शिवलेली असते तिच्यावर जाड रेक्झिनचे कव्हर घट्ट चढवले, तर ती बॅग उघडणार कुठून? सीटच्या कडेला 'एअरबॅग' असे लिहिलेले असते. आपण ते वाचत नाही, झाकून टाकतो.

मी सजावटीच्या विरोधात नाही. पण पैसे कुठे जातात ते बघा. वूफरला आठ हजार आहेत. मुलांच्या चाइल्ड सीटला नाहीत. ती अडकवायची कडी मागच्या सीटच्या फटीत कंपनीने देऊन ठेवलेली असते आणि तिच्यावर बिस्किटांचा चुरा साचलेला असतो. क्रोमच्या पट्ट्यांना पाच हजार आहेत. साध्या प्रेशर गेजला तीनशे नाहीत. हवा भरायचा छोटा पंप, परावर्तक त्रिकोण, जंपर केबल, टॉर्च, चांगला व्हील पाना, खऱ्या अॅक्सेसरीज याच. त्या शेजाऱ्याला दिसत नाहीत, म्हणून आपण घेत नाही.

आता देखभालीकडे येतो. घाटातल्या त्या रात्रीनंतर मी गाडीबरोबर मिळालेले पुस्तक काढले. प्लास्टिकमध्ये तसेच बंद होते. 'वाचनाचे महत्त्व' हा निबंध वर्षानुवर्षे पोरांकडून लिहून घेणारा मी, माझ्या घरातले सर्वात महागडे पुस्तक मीच उघडले नव्हते.

त्यातून शिकलो ते सांगतो. महिन्यातला एक रविवार, अर्धा तास. गाडी सपाट जागी, इंजिन थंड. डिपस्टिक काढून पुसायची, परत घालून बघायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. कूलंटच्या डबीवरही दोन रेघा असतात. झाकण गरम इंजिनवर कधीही उघडायचे नाही, वाफेने तोंड भाजते. टायरमध्ये किती हवा हवी ते चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर छापलेले असते. गाडी फिरायच्या आधी, टायर थंड असताना मोजायची, आणि स्टेपनीचीही मोजायची. टायरच्या खाचांत लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला.

एअर फिल्टरची पेटी बहुतेक गाड्यांत दोन-चार क्लिपा काढल्या की उघडते. एसीचा केबिन फिल्टर सहसा ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो; कप्पा खाली सोडला की पट्टी ओढून बाहेर येतो, नवा घालताना त्यावरच्या बाणाची दिशा बघायची, बस्स. माझ्या सर्व्हिसच्या बिलात या फिल्टरचे अकराशे आणि बदलण्याची मजुरी वेगळी लागली होती. बाजारातून चांगला फिल्टर साडेतीनशेला आणला आणि माझ्या मुलीने तो सात मिनिटांत बसवला. पावसाळ्याआधी वायपरच्या खालच्या जाळीतला कडुलिंबाचा पाला काढायचा, नाहीतर पाण्याची वाट तुंबते आणि पायाखालची मॅट भिजते. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली तर आधी निगेटिव्ह वायर काढायची, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने साफ करायचे, जोडताना निगेटिव्ह शेवटी. चाक बदलताना नट आधी ढिले, मग जॅक. दुसऱ्या चाकाला दगड लावायला विसरायचे नाही.

ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅगची वायरिंग यांना मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका. वॉरंटीतल्या गाडीची एकही वायर कापू नका. आपली हद्द कळणे हाही हुनरचाच भाग आहे.

कुणी म्हणेल, सर, अशाने आपल्याच गरीब मिस्त्रीचे पोट मारताय. नाही. मिस्त्रीचे पोट मारतो तो ग्राहक, जो शोरूममध्ये 'इंजिन ड्रेसिंग' आणि 'अंडरबॉडी कोटिंग'चे हजारो रुपये न विचारता देतो, आणि मोहल्ल्यातल्या गॅरेजवर येऊन शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो. ज्याने स्वतः एकदा ग्रीसमध्ये हात घातला त्यालाच मिस्त्रीच्या मजुरीची किंमत कळते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. ठपका हा की त्या सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. पुढे अपिले झाली, ती वेगळी गोष्ट. २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चे पोर्टलही सुरू केले. ही लढाई कुणाच्या भाकरीची आहे? सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात, मुस्लिम कामगार ज्या मोजक्या धंद्यांत एकवटलेत त्यांत मोटारगाड्यांची विक्री-दुरुस्ती आहे. आणि आपण सभा घेतो नोकऱ्यांवर, तक्रार करतो आरक्षणावर. दुरुस्तीच्या हक्काबद्दल आपल्या एकाही जलशात मी अवाक्षर ऐकलेले नाही.

कारण हाताच्या कामाची आपल्याला लाज वाटते. शिकलगार, पिंजारी, लोहार, मण्यार, आपल्या आडनावांतच कारखाने आहेत, आणि आपण ती आडनावे बदलायला निघालो आहोत. जुम्म्याच्या बयानात ऐकतो की पैगंबरसाहेब आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करीत, हजरत दाऊद लोखंडाची चिलखते घडवीत. डोळे ओले करून बाहेर येतो आणि फाटकाशी मिस्त्रीला 'ए' म्हणून हाक मारतो. बी.एड.ला आम्ही नयी तालीम शिकलो. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर हाताच्या कामातून शिक्षणाचा आराखडा ज्या समितीने केला तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. मी त्यावर पंधरा गुणांचे उत्तर लिहून पास झालो. पाना हातात घेतला नाही.

आता मुख्य गोष्ट. फिल्टर बसवणारी माझी मुलगी यंदा दहावीत आहे. तिला पॉलिटेक्निकला ऑटोमोबाईल डिप्लोमा करायचा आहे. घरात हे कळले तेव्हा खाला म्हणाल्या, "मास्तरची पोरगी आणि गॅरेज? रिश्ता कोण आणेल?" एका मित्राने डी.एड.चा फॉर्म आणून दिला. खरे सांगतो, पहिल्या क्षणी माझ्याही तोंडात अब्बांचेच वाक्य आले होते: तेरे नक्को.

अब्बांचे बरोबर होते. त्यांनी ज्या हातांवर अपमान सोसला, ते हात मला मिळू नयेत एवढेच त्यांना हवे होते. चूक माझी. अपमान काळ्या हातांचा नव्हता, तो करणाऱ्यांच्या नजरेत होता, हे मी शिकून-सवरूनही ओळखले नाही. उलट ती नजरच उचलली.

डी.एड.चा फॉर्म मी मित्राला परत केला. गेल्या रविवारी मुलीने चारही चाके अदलाबदल केली, मी फक्त दगड लावला. गल्लीतले दोघे-तिघे थांबून बघत होते. एकाने विचारले, "क्या सर, मिस्त्री मिळाला नाही का?"

मी म्हणालो, "मिळाला की. ही काय, समोर उभी आहे."