पदबी की?

कोलकात्यात आलो त्या पहिल्याच आठवड्यात खोली शोधत फिरत होतो. जादवपूरकडच्या एका घरमालकांनी चहा दिला आणि विचारलं, "आपनार पदबी की?" मी ताठ बसून सांगितलं, "एम. ए., समाजशास्त्र." ते हसले. बंगालीत पदबी म्हणजे आडनाव. घरातल्या पहिल्यावहिल्या पदवीची अशी वासलात लागली. आडनाव सांगितलं, तर ते कुठल्या कप्प्यात ठेवायचं हे त्यांना कळेना. मग वडील काय करतात, घरी पूजा कोणाची, हे प्रश्न आले. निरोप देताना म्हणाले, "आमच्या बंगालात जातपात नाही हो." दुसऱ्या दिवशी कळलं, खोली भाच्याला दिली.

2011 च्या जनगणनेनुसार पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींचं प्रमाण 23.5 टक्के आहे, महाराष्ट्रात 11.8. जात नसलेल्या राज्यात आपण दुप्पट आहोत.

त्याच महिन्यात निरर्थकतेवर एक व्याख्यान ऐकलं. वक्ते कामूवर छान बोलले. माणूस जगाकडे अर्थ मागतो, जग गप्प राहतं, आणि या दोहोंच्या टकरीतून निरर्थकता जन्मते. 1942 च्या त्या पुस्तकात दगड ढकलणारा सिसिफस सुखी आहे असं मानावं, इथवर कामू येतो. मला कामू आवडतो, पण इथे माझं त्याच्याशी जमत नाही. आपल्यासमोरचं जग गप्प कुठे आहे? ते चहा देतं आणि पदबी विचारतं.

'आयरनी'ला मराठी शब्द शोधायला गेलं की बोलण्यातल्यासाठी उपरोध मिळतो, आणि घटनेतल्यासाठी दैवदुर्विलास. हा दुसरा शब्द मला खटकतो. गुन्हा माणसांनी करायचा आणि फिर्याद दैवावर, ही सोय भाषेनेच करून ठेवली आहे.

चुनी कोटालचं घ्या. मेदिनीपूरकडची, लोधा शबर समाजातली पहिली पदवीधर मुलगी. इंग्रजांनी या समाजाला गुन्हेगार जमात ठरवलं होतं. कायदा 1952 साली गेला, शिक्का राहिला. चुनी मानववंशशास्त्र शिकली. म्हणजे आदिवासींचा अभ्यास हेच ज्या शास्त्राचं भांडवल, त्याच्या वर्गात एक आदिवासी मुलगी बाकावर येऊन बसली. वसतिगृहाची अधीक्षक म्हणून नोकरी सांभाळत ती एम. एस्सी. करत होती. विभागात जातीवरून छळ होतो, अशी तिची तक्रार होती. वर्षं वाया गेली. 1991 मध्ये चौकशी नेमली गेली, तिच्यातून काही निघालं नाही. 16 ऑगस्ट 1992 ला तिने आत्महत्या केली. वय जेमतेम सत्तावीस. मी हे लिहितो आहे तेव्हा तिच्याहून मोठा आहे, आणि माझाही प्रबंध कुणाच्या तरी टेबलावर पडून आहे.

याला दैवदुर्विलास म्हणायचं? तक्रारीचा कागद होता, चौकशी होती, हजेरीपट होता. दैव हजेरीपट ठेवत नाही.

इतिहासातलं एक उदाहरण तर इथल्याच विधानसभेचं. 1946 साली बाबासाहेबांना संविधान सभेत मुंबईने नव्हे, बंगालने पाठवलं. जोगेंद्रनाथ मंडल त्यासाठी झटले. फाळणीत ती जागा गेली आणि बाबासाहेब जुलै 1947 मध्ये मुंबईतून पुन्हा निवडून आले. बाबासाहेब भारताचे पहिले कायदामंत्री झाले, मंडल पाकिस्तानचे. मंडलांनी 1950 मध्ये राजीनामा दिला आणि ते कोलकात्याला परतले, बाबासाहेबांनी 1951 मध्ये दिला. दोन शत्रू देश, दोघांचे पहिले कायदामंत्री अस्पृश्य मानलेल्या जातींतले, आणि दोघांनाही आपापल्या मंत्रिमंडळातून बाहेर पडावं लागलं. महाराष्ट्रातल्या किती पदवीधरांना मंडलांचं नाव ठाऊक आहे, हे मी मित्रांना विचारून पाहिलं. उत्तर लिहीत नाही, कारण वर्षभरापूर्वी मलाही ठाऊक नव्हतं.

सॉक्रेटिसचा उपरोध वेगळा होता. तो अडाण्याचं सोंग घेऊन प्रश्न विचारायचा आणि समोरच्यालाच स्वतःचं म्हणणं उलगडून सांगायला लावायचा. हे सोंग आपल्याला सहज जमतं. तसेही सगळे आपल्याला अडाणीच धरून चालतात.

आता मला बंगाली बऱ्यापैकी येतं. तरी कुणी पदबी विचारली की मी अजूनही "एम. ए., समाजशास्त्र" असंच सांगतो. मग समोरचा थोडा घोटाळतो आणि त्याला नेमकं काय हवं होतं ते त्याच्याच तोंडाने, सुट्या सुट्या शब्दांत विचारावं लागतं.