फ्लाइट सिम्युलेटरसाठी लिनक्स लॅपटॉप घेताय? आधी हे वाचा

गेल्या महिन्यात सुप्याला घरी गेलो, तर बारावीतला मावसभाऊ लॅपटॉपची यादी घेऊन तयारच होता. "दादा, फ्लाइट सिम्युलेटर चालेल असा सांग. आणि विंडोज नको, लिनक्स." बारामतीच्या विमानतळावरून उडणारी शिकाऊ विमानं बघत तो मोठा झालाय, त्यामुळे पायलटचं खूळ नवीन नाही. पैसे मात्र मावशीच्या दुधाच्या पगारातून बाजूला पडलेले. चूक परवडणार नव्हती.

आत्ताच हा प्रश्न का?

दोन कारणं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ न चालणारे कितीतरी चांगले लॅपटॉप घरात पडून आहेत आणि लिनक्सवर ते मजेत चालतात. दुसरं, एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून रॅम महागली, तिच्यासोबत लॅपटॉपही. म्हणजे चुकीची खरेदी आता जास्त महागात पडते.

लिनक्सवर काय चालतं?

फ्लाइटगिअर पूर्ण मोफत आणि ओपन सोर्स आहे. सेसना १७२ त्यात सुरुवातीपासूनच मिळतं आणि जमिनीचा नकाशा उडता उडता डाउनलोड होतो. एक्स-प्लेन १२ विकतचं आहे, पण त्याची खास लिनक्ससाठीची आवृत्ती आहे आणि डेमो फुकट मिळतो. मायक्रोसॉफ्टचं सिम्युलेटर लिनक्ससाठी अधिकृतपणे नाही. प्रोटॉन वापरून लोक ते चालवतात, पण एखाद्या अपडेटनंतर बंद पडलं तर विचारणार कुणाला? फक्त त्याच्यासाठी लिनक्स लॅपटॉप घेऊ नका.

कार्डाच्या नावावर जाऊ नका

भावाच्या यादीत तीन लॅपटॉपवर 'आरटीएक्स ४०५०' लिहिलं होतं, किमती वेगवेगळ्या. त्याला वाटलं स्वस्तातला घ्यावा. पण हेच कार्ड कंपनीनुसार ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत चालवलं जातं. नाव एक, ताकद वेगळी. त्यामुळे माहितीपत्रकात वॉट शोधा. ग्राफिक्स मेमरी ४ जीबी तरी हवी, ६ असेल तर उत्तम. रॅम १६ जीबी घ्या आणि एक स्लॉट मोकळा आहे का ते विचारा. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल, तर पुढे वाढवता येत नाही.

एनव्हीडियाचं कार्ड असेल तर कंपनीचा ड्रायव्हर टाकावा लागतो. सिक्युअर बूट चालू असेल, तर इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवावा लागतो आणि रीस्टार्टनंतर निळ्या स्क्रीनवर तोच मागतात. मी ती स्क्रीन घाईत बंद केली होती. ड्रायव्हर चालूच झाला नाही, सिम्युलेटर साध्या ग्राफिक्सवर रखडत राहिला आणि मी दोन दिवस लॅपटॉपलाच शिव्या देत होतो. एएमडीच्या कार्डाचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच असतो, त्यामुळे ही कटकट नाही.

दुकानात जाताना उबुंटूचा पेन ड्राइव्ह सोबत न्या. इन्स्टॉल न करता चालवून वायफाय, आवाज, ब्राइटनेस तपासा. दुकानदार नाही म्हणाला, तर दुसरं दुकान बघा.

आणि आपल्याकडची गोष्ट लक्षात ठेवा: लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि ग्राफिक्स कार्डाचा वेग पडतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत मशीन तापलं तरी तेच.

मग भावाने काय घेतलं?

अजून काहीच नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू आणि फ्लाइटगिअर टाकून दिलं, सोबत एक साधी जॉयस्टिक. ग्राफिक्स कमी ठेवले की चालतं. त्याला स्पष्ट सांगितलं, व्यावसायिक पायलटच्या लायसन्ससाठी २०० तास उड्डाण लागतं आणि घरच्या लॅपटॉपवरचा एक मिनिटही त्यात धरत नाहीत. खरंच पायलट व्हायचं असेल, तर आधी डीजीसीएच्या डॉक्टरकडून मेडिकल करून घे. डोळ्यांत काही निघालं, तर ते आत्ताच कळलेलं बरं.

तीन महिन्यांनीही तो रोज लँडिंगचा सराव करत असेल, तर नवीन लॅपटॉप शोधायला मीच त्याच्यासोबत जाईन. तोवर मावशीचे पैसे बँकेतच राहू देत.